थ आणि ध

वायरताईंनी एंटर दाबला आणि लगेच पडद्याकडे वाकल्या.

काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली होती : ‘मशीन बंद होत आहे.’ ओळ बरोबर होती, पण तिच्या आधी त्यांनी हुकमात टाइप केलेलं अक्षर चुकलं होतं. तिथे ध हवा होता. ताईंनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. थ होता.

दवाखान्यातली सगळी कॉम्प्युटर मशीनं ताईंच्या हाताखाली होती, म्हणून त्यांना सगळे वायरताई म्हणत. दवाखाना ज्यावर चालायचा ते मोठं मशीन म्हणजे थोरली. नवं काही करून बघायचं ते धाकटीवर. घरी बसून या दोघींना हुकूम देता यावेत, म्हणून ताईंनी स्वतः एक टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायचा प्रोग्राम, बांधला होता. विकतचं टर्मिनल त्यांच्या जुन्या लॅपटॉपला पेलवत नव्हतं, म्हातारं खोड जिना चढताना धापा टाकतं तसं तो करायचा. ताईंचं मात्र पिसासारखं हलकं होतं. रंग नाहीत, चित्रं नाहीत. हलकं करता करता त्यांनी मशीनची नावंही छाटली. थोरलीचा थ, धाकटीचा ध. तेव्हा स्वतःवरच खूश झाल्या होत्या.

आता धाकटी चालू होती आणि थोरली झोपली होती. दुरून मशीन निजवता येतं, पण उठवायला जाऊन बटणच दाबावं लागतं.

फोन वाजला. वॉर्डातली सिस्टर होती.

“वायरताई, अहो सगळे पडदे काळे! बाळाचा पुढचा डोस किती द्यायचा ते त्यातच आहे. डॉक्टर माझ्यावर डोळे वटारतायत.”

“मशीनच्या खोलीत कुणाला जाता येईल?”

“कसं जाणार? किल्ली तुमच्या कमरेला! तुम्हीच म्हणालात ना, कुणी हात लावायचा नाही म्हणून?”

“आले मी,” ताई म्हणाल्या, आणि मग त्यांना समोर आबा दिसले.

आबा, म्हणजे ताईंचे वडील, खुर्चीत बसून शर्टाची बटणं लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. मागे एकदा ताई कामावर असताना ते घराबाहेर पडले आणि दिवेलागणीला भलत्याच वस्तीत सापडले. रस्त्यात हात सोडून चालू लागायचे, त्यामुळे बरोबर नेण्याची सोय नव्हती. म्हणून तर हे टर्मिनल. दवाखान्याच्या साहेबांनी घरून काम करायला कसंबसं हो म्हटलं होतं, तेही बजावून : “एक जरी घोटाळा झाला तरी परत ऑफिसात.”

शेजारचं दार ताईंनी बडवलं. आत कुणी नव्हतं.

“आबा, मी आत्ता येते. इथंच बसा.”

“कुठं निघालीस? मी येतो की.”

“नको. लगेच येते.”

दार ओढून त्यांनी बाहेरून कुलूप घातलं. आबांना कधी कोंडायचं नाही, असं त्या स्वतःला बजावत आल्या होत्या. अर्ध्या जिन्यावर पोचल्या तेव्हा कडी हलल्याचा आवाज आला. ताईंनी कान बंद केल्यासारखं केलं आणि धावल्या.

रिक्षात त्यांच्या डोळ्यांपुढे नको नको ते येत राहिलं. गॅस बंद केला होता का? खिडकीला गज आहेत, पण मागच्या गॅलरीला नाहीत. मध्येच ते बाळ दिसे, हातात सुई धरून थांबलेली सिस्टर दिसे. कुणासाठी आधी घाबरावं हेच कळेना.

दवाखान्यात पोचताच त्यांनी खोली उघडून थोरलीचं बटण दाबलं. पंखा घुरघुरला, दिवे लागले. वॉर्डातून सिस्टरची हाक आली, “आलं, आलं! बाळाचं दिसतंय.” ताई भिंतीला टेकल्या.

सिस्टर जवळ येऊन हळूच म्हणाली, “साहेबांचा फोन आहे. वीज गेली होती म्हणून सांगा. आम्ही कुणी तोंड उघडणार नाही.”

ताईंनी फोन घेतला. ओठांवर ‘वीज गेली’ आलंच होतं. पण मग कुणीतरी विजेच्या तारा तपासत बसलं असतं, आणि ते अक्षर तसंच राहिलं असतं.

“साहेब, माझ्या हातून बंद पडलं. थ आणि ध मध्ये फसले.”

पलीकडून साहेब म्हणाले, “तुमचा खरेपणा बघता ओरडवतही नाही. पण वायरताई, उद्यापासून इथं येऊन बसा.”

“हो.”

परत येताना जिना त्या दबकत चढल्या. आतून धडपड ऐकू येईल, रडणं ऐकू येईल, नाहीतर काहीच ऐकू येणार नाही. या शेवटच्याचीच धास्ती जास्त होती.

दारापाशी आबांचा आवाज आला. अगदी शांत, ताई लहान असताना तापात त्यांच्या उशाशी बसून बोलायचे तसा.

“घाबरू नकोस हं, बाळा. दार अडकलंय एवढंच. मी इथंच आहे. तू रडू नकोस.”

ताईंनी किल्ली फिरवली. दार बोटभर सरकलं आणि थांबलं. आबा आतून दाराला पाठ टेकून बसले होते.

“नाही रडत, आबा,” त्या फटीतून म्हणाल्या.

दार ढकललं असतं तर ते कलंडले असते. ताई तिथंच उंबऱ्याबाहेर बसल्या आणि त्यांच्या उठण्याची वाट पाहू लागल्या.