बिनचष्म्याची लेन्स

"आई काय काम करतात?" मोतीबिंदू तपासून डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही, कधीच सोडलं सगळं. आता नुसता आराम," रामकिसन म्हणाला.

मनकर्णाबाई चाट पडली. त्याच सकाळी पैठणीच्या पदरातला मोर मागावर अर्धा सोडून ती पैठणहून एसटीत बसली होती. पण शेजारच्या खुर्चीत रामकिसनचे सासरे काकासाहेब होते. आईला आम्ही मागावर बसू देत नाही, अशी शेखी लेकानं लग्नातच त्यांच्यापुढं मिरवली होती. आता व्याह्यांसमोर पोटच्या पोराला खोटं पाडायचं कसं?

डॉक्टर भला माणूस. त्यानं पुन्हा समजावलं. साधी लेन्स टाकली तर जवळच्या कामाला चष्मा लागेल, पण दिसेल स्वच्छ. भारीतली टाकली तर चष्मा सुटेल, मात्र गडद रंगांतला बारीक फरक पुसट होईल.

"विणकाम करणाऱ्यांना ही मी देत नाही. आजी, तुम्ही करता का असलं काही?"

थेट तिलाच विचारलं होतं. मनकर्णाबाईनं लेकाच्या उतरलेल्या तोंडाकडं पाहिलं.

"नाय," ती म्हणाली.

"मग भारीतलीच टाका," रामकिसन म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला.

दोन्ही डोळे झाले. गल्लीच्या टोकाचा माणूस ओळखू येऊ लागला, मोबाइलवरचे आकडे बिनचष्म्याचे वाचता येऊ लागले. मग ती मागावर बसली. वांगी रंगाच्या ताण्यात, त्या उभ्या धाग्यांत, काळा धागा कुठं गेला, तेच कळेना. दिवा जवळ ओढला, उसना चष्मा लावला. मोराची मान उसवली, पुन्हा विणली, पुन्हा चुकली. शेवटी विणायला काम देणाऱ्या मालकानं ती अर्धी साडी ताण्यासकट समोरच्या घरातल्या सरूबाईच्या मागावर चढवली. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथं खोटं लेकाचं आणि गोटा आईच्या कपाळी. मनकर्णाबाई दिवसभर उंबऱ्यात बसून राही आणि मनातल्या मनात लेकाला शिव्या घाली.

अशातच त्याचा फोन आला. "आता चांगलं दिसतं ना, आई?"

"व्हय. सरूबाई माझा मोर पुरा करायली, ते दिसायलंय इथून."

 रामकिसन दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोल. सासरे शेजारीच बसलेत. त्यांना फोन देतो, नीट बोल."

काकासाहेबांनी तब्येत विचारली.

"लई चांगलं दिसतंय," मनकर्णाबाई म्हणाली. "पोरानं काही कमी केलं नाय."