नवव्या वळणावरची वाळू

"काका, पुरे आता! किती झाडाल? गाड्या सुटतायत," वायरलेसवर साहेब करवादले.

"झालंच," म्हणत काकांनी खराट्याचे आणखी चार हात मारले. सरावात शर्यतीची एक गाडी घसरून ट्रॅकच्या नवव्या वळणाच्या बाहेरच्या कडेला वाळू सांडून गेली होती. इतक्या कडेनं कोण मरायला जातंय, असं साहेबांचं म्हणणं. पण काका सव्वीस वर्षं याच वळणावर झेंडा घेऊन उभे राहत आले होते. जीव तोडून पळणारी गाडी कुठवर फेकली जाते, ते त्यांना ठाऊक होतं.

उद्याच्या शर्यतीत सर्वांत पुढे कोण उभं राहणार, ते आज एकेका गाडीच्या वेळेवर ठरायचं होतं. शेवटची गाडी एका नव्या पोरीची. तिला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं.

ती आली. ब्रेकची जागा मागे पडली तरी वेग कमी होईना.

"गेली!" स्टँडमध्ये कुणीतरी किंचाळलं.

गाडी थेट कडेपर्यंत फेकली गेली. झाडलेल्या पट्ट्यावर चाकांनी पकड धरली आणि ती सुसाट निघून गेली. थोड्या वेळानं फलकावर वेळ उमटली. या ट्रॅकची फेरी इतक्या कमी वेळात आजवर कुणीच पुरी केली नव्हती. स्टँड उसळला. सकाळपासून हमरीतुमरीवर आलेले दोन संघांचे पाठीराखे एकमेकांच्या गळ्यात पडले.

"पोरगी आहे की वारं!"

तिसऱ्या रांगेत बसून वायरलेसवरचं सगळं ऐकलेल्या काकूंनी शेजारच्या अनोळखी माणसाचं मनगटच धरलं. "ती गेली ना, तिथं आमच्या ह्यांनी झाडलंय हो! साहेब नको म्हणत असताना!"

"काय सांगता!" त्यानं मागच्या रांगेला सांगितलं, त्या रांगेनं आणखी मागच्या. बघता बघता अख्खा स्टँड ओरडू लागला, "काका! काका!"

काकांनी वळून पाहिलं नाही. गाडी ट्रॅकवर असताना पाठ फिरवायची नसते. मान मात्र ताठ झाली होती. वायरलेस खरखरला.

"काका… बरं झालं झाडलंत."

गर्दी पांगल्यावर काकू खाली आल्या. ओरडून घसा बसला होता.

"ऐकलंत का?"

"ऐकलं. पार लाजवलंस मला."

"लाजा खुशाल!"

काका कठड्यावर टेकले, गुडघे चोळू लागले. "अगं, माझ्यासमोरून ती दोन सेकंदांत गेली. तू स्टँडमधल्या मोठ्या पडद्यावर सगळं पाहिलंस ना? बाकीची लॅप कशी होती?"

काकू शेजारी बसल्या आणि बसक्या आवाजात, हातवारे करत, पहिल्या वळणापासून सांगू लागल्या.