ओंडक्यावरची जागा

आईने होडी किनाऱ्याला लावली ती खडकावर आपटूनच. टीव्हीच्या पडद्यावर तिचा खलाशी धडपडला, उठला आणि झुडपाआड जाऊन उभा राहिला. पलीकडे शेकोटीपाशी म्हातारे दरोडेखोर एका लांबलचक ओंडक्यावर बसले होते.

"उद्यापासून हे नसणार," मुलगी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली. "लोकांच्या तक्रारी आहेत. चाच्यांच्या खेळात हे नुसते बसून असतात म्हणे. मलाच काढायला सांगितलंय."

"बसू दे की. तुझ्या ऑफिसचं काय खातात ते?"

खेळ मुलीच्या कंपनीचा होता, आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या हालचाली बाबांच्या. हालचाली टिपायला तिनेच त्यांना अंगाला चिकटणारा काळा पोशाख चढवून स्टुडिओत बसवलं, उठवलं, लाकडी तलवार उपसायला लावली. जन्मभर बस चालवलेला माणूस, म्हातारपणी दरोडेखोर व्हायला मिळालं म्हणून भलताच खूश होता. खेळ बाजारात आला तेव्हा बाबा हयात नव्हते. तेव्हापासून आई रोज दुपारी भांडी आवरून या बेटावर यायची. जवळ गेलं की म्हातारे तलवारी उपसत, म्हणून ती आपली लांबूनच बघायची.

"अगं, बघ," आई हळूच म्हणाली. "जागा केली."

टोकाच्या म्हाताऱ्याने गुडघ्यावर हात टेकला, कण्हत जरा सरकला आणि शेजारी ओंडक्यावर थोपटलं. थेट बाबा. कुणी घरी आलं की सोफ्यावर ते असेच सरकायचे. पण स्टुडिओत ही हालचाल तिने कधी टिपलीच नव्हती. मुलीने लॅपटॉप बाजूला ठेवला.

"शिंपीकाका गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी अशीच जागा केली होती. दुसऱ्या दिवशी तिथे तो बघ, तो आला."

आईने दाखवलेला म्हातारा एक डोळा मिटून आपल्या बोटांकडे बघत होता. बाबांचे मित्र शिंपीकाका सुईत दोरा ओवताना असेच बघत. इतके दिवस मुलीला तो ऑफिसातल्या कुणाचा तरी चावटपणा वाटला होता. आता तसं वाटेना.

"आई, बंद कर ते."

"का? माझीच वाट बघतायत." आईने केस सारखे केले. ती घाबरली नव्हती, खूश होती, आणि मुलीला तेच सहन होईना.

खलाशी झुडपाआडून निघाला. म्हाताऱ्यांनी तलवारी उपसल्या. पडदा लाल झाला.

"मला नाही बोलावलं," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"कुणी कुणाला बोलवत नाही. बिघाड आहे काहीतरी. दे इकडे, दाखवते."

खलाशी पुन्हा किनाऱ्यावर उभा होता. तोच, त्याच कपड्यांत. रिमोट कुणाच्या हातात आहे हे खेळाला कळायचं काही कारण नव्हतं. मुलगी सरळ शेकोटीकडे चालत गेली. कुणी तलवारीला हात लावला नाही. म्हातारे एकेक करून तिच्याकडे वळले. टोकाचा हसला आणि त्याने ओंडका पुन्हा थोपटला.

आईने उठून टीव्हीची पिन ओढून काढली.

"काढून टाक त्यांना. उद्या नको, आत्ता."

"आई, बाबा आहेत त्यात."

"मला माहितीये कोण आहे ते. काढ."

मुलीने लॅपटॉप ओढला. दोनदा चुकलं. मग म्हातारे गेले, शेकोटीही गेली. ओंडका बेटाचा होता, तो राहिला.

"गेले?"

"गेले."

आईने डोळे पुसले आणि सोफ्यावर टेकली. मग तिने गुडघ्यावर हात टेकला, कण्हत जरा सरकली आणि शेजारची जागा थोपटली.

"बस," ती म्हणाली.

मुलगी लगेच बसली नाही.