दाखवायचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. हुबळीतल्या एका बंद कारखान्याच्या दारावर लटकून आहे. अंगावर हिरवा कळंक चढला आहे. माझी गोष्ट ऐकून तुमचं मन रमेल, असं काही मी सांगत नाही.

१९५८ साली याच कारखान्यात माझा जन्म झाला. मालक आप्पासाहेबांनी मला हातानं घडवलं, कारखान्यात कामाला असलेल्या सरूबाईनं चिंच लावून लख्ख केलं. माझी भावंडं दुकानांच्या दारांवर गेली आणि मी गेलो पद्मनाभच्या पिशवीत. तो कारखान्याचा फिरता विक्रेता. गिऱ्हाइकानं मला बघायचं आणि माझ्या भावंडांना विकत घ्यायचं, असा माझा जन्म!

पद्मनाभ धारवाडला मळमड्डीत राहायचा. रोज सकाळी मला मऊ फडक्यात गुंडाळायचा आणि सोबत हातभर उंचीचं एक लाकडी दार घ्यायचा, कडी-कोयंडा बसवलेलं. त्याची रीत मला फार आवडे. दुकानात शिरल्या शिरल्या तो मालाचं कौतुक सुरू करत नसे. "अण्णा, दुकान बंद करताना त्रास कशाचा होतो?" असं आधी विचारायचा आणि कान देऊन ऐकायचा. मग मला त्या दाराला लावून किल्ली गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा आणि गप्प बसायचा. "माल त्यांच्या हातात, जीभ आपल्या ताब्यात," असं तो आप्पासाहेबांना सांगायचा.

पुढे यंत्रावरची स्वस्त कुलपं आली आणि आमची मागणी आटली. तशात धारवाडच्या सुभाष रोडवरच्या कापडवाल्यांनी मिळून एकाच बनावटीची कुलपं घ्यायचं ठरवलं. आप्पासाहेब म्हणाले, "पद्मनाभ, हे काम जमलं तर भट्टी पेटती राहील. नाही तर सरूबाईला मी काय सांगू?"

त्यांच्यातल्याच भीमसेनअण्णांच्या दुकानात सगळे व्यापारी जमले. पद्मनाभ इतकं छान बोलला की माना डोलायला लागल्या. तेवढ्यात एकजण हसून म्हणाला, "अहो, पोरांच्या खेळातलं दार हे! खऱ्या दारावर दाखवा की." पद्मनाभला चेव आला आणि इथंच घात झाला. सगळ्यांना पायरीखाली उभं करून त्यानं दुकानाची दारं ओढली आणि मला लावलं. भरबाजारात, भरदिवसा.

मित्रांनो, चालत्या दुकानाला दिवसा कुलूप म्हणजे धंदा बुडाला, नाही तर घरातलं कुणी गेलं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पद्मनाभलाही होतं, पण भरात तो विसरला. रस्त्यात कुजबुज झाली, "अण्णांचं दुकान बसलं की काय?" लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं मागं फिरली. एक म्हातारी तर डोळ्याला पदर लावून आली.

"काढ! आधी काढ ते!" भीमसेनअण्णा ओरडले. पद्मनाभचा हात इतका कापत होता की किल्ली आत बसेना. किल्ली जरा वाकडी गेली तरी न उघडणं हाच माझा गुण, त्याचीच तर त्यानं इतका वेळ तारीफ केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसाबसा उघडलो, तेव्हा अण्णांनी उंबऱ्यावर पाणी शिंपडलं आणि हात जोडले. "बेडप्पा, नको रे बाबा, नको आम्हाला तुझं कुलूप. पुन्हा ही पायरी चढू नको." बाकीचे पांगले. अपशकुनी ठरलेलं कुलूप कोण घेणार?

भट्टी विझली. सरूबाई हत्यारं पुसून, जागच्या जागी ठेवून गेली. आप्पासाहेबांना दाराकडे बघवेना, म्हणून पद्मनाभनंच मला पिशवीतून काढून कारखान्याला लावलं. इतकी वर्षं मी नुसता दाखवायचा होतो. कायमचं दार मिळालं ते माझ्याच घराचं. या वेळी त्याचा हात कापला नाही. किल्ली सहज फिरली.

त्यानंतर हे दार उघडलेलं नाही. माझं पोट आतून जाम झालं आहे. आता किल्ली आली तरी मी उघडेन असं वाटत नाही. म्हणून मित्रांनो, माझ्यासाठी तेलाचा थेंब आणू नका. तुमच्या गल्लीत कुणी अजून हातानं काही घडवत असेल, तर त्याचं दार उघडं आहे तोवर आत जाऊन या. कुलूप लागल्यावर हळहळणारे माझ्यासमोरून रोज जातात.