दहावं नाव

किशोरीने कागद टेबलावर सरळ केला, त्यावर पेन ठेवलं आणि गंगारामची भजी संपायची वाट बघत उभी राहिली. गंगाराम म्हणजे पहिल्या वर्षाचे दोन विषय अजून उरावर घेऊन दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसणारा गडी. अर्थमिती हा शब्दही त्याला धड म्हणता येत नव्हता. तरी किशोरी त्याच्यापुढे उभी होती, कारण कागदावर नावं होती आठ आणि हवी होती दहा.

पलीकडच्या टेबलावर संचिता वही उघडून बसली होती. वहीत तिचं लक्ष नव्हतं, हे सांगायला नको.

गोष्ट साधी होती. मालवणच्या त्या कॉलेजात अर्थशास्त्र घेतलेल्या मुलांना तिसऱ्या वर्षासाठी एक विशेष विषय निवडायचा होता. कृषी अर्थशास्त्र वर्षानुवर्षं होतंच. भात, काजू, आंबा, सगळं ओळखीचं आणि पास व्हायला सोपं. यंदा नव्याने आलेल्या शर्मिला मॅडमनी अर्थमिती शिकवायची तयारी दाखवली होती. नुसत्या आकड्यांवरून बाजाराची नाडी कशी ओळखायची, ते त्या शिकवणार होत्या. प्राचार्यांची अट एवढीच, की शुक्रवारी चार वाजेपर्यंत दहा सह्या झाल्या तर वर्ग चालेल, नाहीतर नाही. किशोरीला तोच विषय हवा होता. पुढे पुण्याला एम. ए. करायचं तर त्यावाचून चालायचं नाही, असं ती घरीदारी सांगत होती.

आणि संचिताला काय हवं होतं? किशोरीने आपल्याला विचारावं, एवढंच. विचारलं की ती नाही म्हणणार होती.

नकार तयार होता. आपल्या गावच्या, मसुऱ्याच्या एसटीत खिडकीशी बसून तिने तो तीनदा मनातल्या मनात म्हणून बघितला होता. नाय गो, माका नाय जमाचा. गोड आवाजात, वर थोडं हसून. मग किशोरीचं तोंड कसं उतरेल, तेही तिने बघून ठेवलं होतं.

दोघी चुलत बहिणी. एका खळ्याला, म्हणजे एकाच अंगणाला, दोन घरं. संचिता चार महिन्यांनी धाकटी आणि तो चार महिन्यांचा उशीर तिला जन्माला पुरला होता. चतुर्थीला एकाच ताग्यातून दोघींचे ड्रेस शिवायचे आणि येणारी-जाणारी माणसं म्हणायची, किशोरीला काय खुलून दिसतो बघा. दहावीला किशोरी पुढे, बारावीला किशोरी पुढे. गेल्या सेमिस्टरला तर अवघ्या तीन गुणांनी पुढे, आणि ते तीन गुण संचिताला जेवताखाता आठवायचे. बरं, किशोरी घमेंडी असती तर काम सोपं होतं, चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. ती घमेंडी नव्हती. त्यानेच तर जास्त पोटात दुखायचं.

याच सेमिस्टरला त्यांना समवृत्ती वक्र शिकवला होता. दोन आंबे कमी आणि चार काजू जास्त मिळाले तरी गिऱ्हाईक तेवढंच समाधानी, असं पुस्तक म्हणत होतं. संचिताने ते पाठ केलं, पेपरात लिहिलं, पण विश्वास काही बसला नाही. शेजारणीच्या टोपलीत काय पडलं, ते बघितल्याशिवाय समाधानी होणारं माणूस तिने मसुऱ्यात तरी पाहिलं नव्हतं.

गंगारामने भजी संपवली, हात पँटला पुसले आणि एकदाची सही ठोकली. नऊ झाली.

वर्गात आता काहीच न ठरवलेले दोघेच उरले होते, सत्यवान आणि ती स्वतः. सत्यवान तळ्यात-मळ्यात करत होता. त्याने सही केली असती तर संचिताला विचारायला कोणी येणारच नव्हतं. त्याला तिने जिन्यात गाठलं आणि सहज बोलावं तसं सांगितलं, की पेपर बाहेरून येणार, शिवाय नवा विषय म्हणजे पहिली बॅच बळी जायचीच. सत्यवानने त्याच दुपारी कृषीचा फॉर्म भरून टाकला. किशोरी अर्धा तास त्याची मनधरणी करत होती. संचिता लायब्ररीच्या दारातून बघत होती आणि तिला बरं वाटत होतं. अगदी मनापासून बरं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी दोघी एसटीत शेजारी-शेजारी बसल्या. आता आपल्याशिवाय आहे कोण, विचारेलच, असं संचिताला वाटलं. किशोरी काजूच्या बिया वाळत घालायच्या राहिल्या म्हणाली, उकाड्याबद्दल बोलली, पण सहीचं नाव काढलं नाही. मधल्या सुट्टीत विचारेल म्हणावं, तर तेव्हाही नाही. दोन वाजता ती पुन्हा सत्यवानला विनवायला गेली. तीन वाजता तिने इतिहासाचा एक मुलगा विषय बदलायला राजी करून आणला आणि ऑफिसने दोघांना हात हलवत परत पाठवलं.

संचिताच्या अंगाचा तिळपापड झाला. गंगाराम चालतो, इतिहासवाला चालतो, आणि आपण नाही? आपण काय इतक्या टाकाऊ? ह्या पोरीला खात्री आहे, की आपल्याला आकडे झेपायचेच नाहीत. तीन दिवस जपलेला नकार द्यायची वेळच कोणी आणली नाही, यासारखा अपमान नाही.

पावणेचारला ती स्टाफरूममध्ये गेली. नीट विचार केलायस ना, असं मॅडमनी विचारलं, त्यावर तिने हो म्हटलं आणि किशोरीने नऊ नावांवरच आणून ठेवलेल्या कागदावर गंगारामच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. बहिणीसाठी इतकं कोण करतं, असं मॅडम कौतुकाने म्हणाल्या. ते तिला मुळीच आवडलं नाही.

किशोरी बाहेर पायरीवर मांडीवर बॅग घेऊन बसली होती. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"मी सही केलंय," संचिता म्हणाली. "धा झाली."

किशोरी उठली नाही. तिने मिठी मारली नाही की आभार मानले नाहीत. संचिताकडे एकदा बघितलं आणि बॅगेची उघडीच राहिलेली चेन लावायला घेतली. चेन मध्येच अडकली, तरी ती ओढतच राहिली.

"माका कित्याक नाय विचारलंस?" संचिताने विचारलं. "गंगारामाक विचारलंस. माका जमाचा नाय, असा वाटला तुका?"

"जमाचा नाय?" किशोरीने चेन सोडून दिली. "पयलीपासून तू माझ्या मागच्या बाकार बसतंस. दहावीक वीस मार्क मागे होतंस, बारावीक आठ. आता तीन. माका मागे वळान बघूक भय वाटता."

संचिता तिच्या शेजारी पायरीवर टेकली.

"तू होय म्हणतलंस, ह्या माका म्हायत होता," किशोरी म्हणाली. "म्हणान नाय विचारला."

आतून मॅडमनी हाक मारली, प्राचार्यांनी वर्गाला मंजुरी दिल्याचं सांगितलं आणि दोघींचं अभिनंदन केलं. दोघींनी एकदमच थँक्यू मॅडम म्हटलं. मग किशोरी उठली, ड्रेस मागून झटकला.

"फुडल्या वर्साक तू फुडे बस," ती हळू आवाजात म्हणाली. "माका मागे बसांदे."

एसटी स्टँडवर लागलेलीच होती. संचिता आधी चढली आणि रिकाम्या सीटवर खिडकीशी सरकली, शेजारी जागा ठेवून. किशोरी तिच्या शेजारी बसली नाही. ती मागच्या सीटवर जाऊन बसली. गाडी सुटली, कंडक्टर तिकिटं फाडून गेला. मसुरं येईपर्यंत संचिता ताठ बसून राहिली. मागे वळून बघावंसं तिला फार वाटत होतं, पण तिची मान वळली नाही.