वाटी धुवून दाखवा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुणाच्या मांडीवर कुत्रं, कुणाच्या पायाशी कुत्रं, आणि व्यासपीठावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, स्वतःला श्वानबंधू म्हणवणारे गृहस्थ.

“कुत्र्याला मधुमेह होतच नाही!” ते गरजले. “मालकाचं साचलेलं दुःख हे मुकं जनावर पितं, त्याची साखर होते. आणि तुम्ही? तुम्ही त्याला सुया टोचता!”

लोक हळहळले. श्वानबंधूंनी एका बाईंनी बाटलीतून आणलेल्या कुत्र्याच्या लघवीत तपासणीची पट्टी बुडवली. ती तपकिरी झाली, म्हणजे साखर. मग तीच लघवी पांढऱ्या वाटीत ओतून त्यांनी वरून हात फिरवला आणि नवी पट्टी बुडवली. रंग बदललाच नाही. टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

मागच्या रांगेत जनावरांची डॉक्टर उभी होती आणि तिचं पित्त खवळलं होतं. पहिल्या रांगेत तिच्या सासूबाई होत्या, मांडीवर आपल्या म्हाताऱ्या कुत्रीला, ढमीला घेऊन. ढमीचं इन्शुलिन त्यांनी परस्पर बंद केलं होतं. सकाळपासून ती भांडंभर पाणी पीत होती आणि ओकत होती. असंच चाललं तर ती हातची जाणार होती.

“इतकं टोचून तुझ्यानं साखर उतरली का?” सासूबाईंनी घरी विचारलं होतं. नव्हती उतरली, हे खरंच. ढमीच्या हिरड्यांत पू झाला होता, आणि अंगात असा पू असला की इन्शुलिनचं फारसं चालत नाही. किडके दात काढायला हवे होते. पण “या वयात तिला भूल? मुळीच नाही!” म्हणून सासूबाई अडून बसल्या होत्या.

डॉक्टर तरातरा व्यासपीठावर चढली. “गुण हातात आहे ना? मग बाटलीवरूनच फिरवा की. वाटी कशाला?”

“अश्रद्धांचा वारा लागला की शक्ती...”

“वारा राहू द्या. वाटी द्या.”

इन्शुलिननं कधी साखर एकदम घसरते, म्हणून तिच्या पिशवीत ग्लुकोजची पूड कायम असायची. ती तिनं पेलाभर पाण्यात ढवळून पट्टी बुडवली. पट्टी तपकिरी झाली. तेच पाणी श्वानबंधूंच्या रिकाम्या वाटीत ओतलं. नव्या पट्टीचा रंग बदललाच नाही!

“मी तर हातही फिरवला नाही. आणि पाण्याला हो कसलं दुःख?”

कुणीतरी खुदकन हसलं. बाकीचे ओरडले, “खाली उतरा, बाई!” ती उतरली नाही. दुसऱ्या वाटीच्या तळावरून बोट फिरवून तिनं जिभेला लावलं. “आंबट! ही क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पूड दिसते. ती पट्टीला रंग चढू देत नाही. साखर असते तिथंच, फक्त दिसत नाही.”

“श्रद्धेची परीक्षा पाहणं पाप आहे!” श्वानबंधू घाम पुसत म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. ढमीला सुनेकडे देऊन त्यांनी एक वाटी खळखळून धुतली, रुमालानं पुसली आणि बाटलीतून आणलेली ढमीची लघवी तीत ओतली. “घ्या. आता फिरवा हात.”

हात फिरला. पट्टी तपकिरी झाली.

“आमचीही वाटी धुवा!” मागून आवाज आला. मग सगळीकडून यायला लागला, आणि श्वानबंधूंनी मागच्या दारानं काढता पाय घेतला.

सासूबाईंनी ढमीला परत कुशीत घेतलं. “मीच मारत होते गं हिला. टोच, आत्ता टोच.”

“आधी दवाखान्यात चला, आई. रक्त तपासू, सलाइन लावू, मग इन्शुलिन. जरा सावरली की दात.”

“दे भूल. पण मी दारातून हलणार नाही.”

ढमी वाचली. दात गेले, पू गेला, आणि तेच इन्शुलिन लागू पडलं. सुई अजून रोज टोचावी लागते, आता सासूबाई स्वतः टोचतात. तुमच्यासमोरही कधीतरी कुणी हात फिरवेल. तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, वाटी धुवून दाखवा.