हातगुण

पत्र्याचा तो बिल्ला पदरात पडला होता आणि उन्हात चमकत होता. कडेला जरासा वाकलेला, खिळ्याने ठोकून कोरलेला आकडा, भोकात सुतळीचा तुकडा... रंभाने त्याला अजून बोट लावले नव्हते. केंद्राचा चपराशी केवलराम तो तिच्या हातात द्यायला गेला तेव्हा तिने झटकन पदर पसरला, आणि तो म्हणाला, "अरे बाई, हाथ में ले ना, काटता थोड़ी है!" पायरीवरच्या बाया फिदीफिदी हसल्या. हसू देत. त्याची बोटे लागली असती तर बिचाऱ्याला या पौषाच्या थंडीत अंगावरून पाणी घ्यावे लागले असते. आणि त्याला ते ठाऊक नसल्याने त्याने घेतलेही नसते, मग त्याचे पाप पुन्हा तिच्याच माथी — तिचा आज तिसरा दिवस होता.

म्हणून ती आत बाकड्यावर बसलीच नाही. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या या कुटुंब नियोजन केंद्राच्या आवारात एक कडुनिंब होता, त्याच्या पलीकडे, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ती टेकली होती. घरात दोन दिवस चोरून शिवाशिव केली, ती केली. इथे तरी कुणाला विटाळायला नको. इथे तरी खरे वागावे...

खरे तर सारा घोळ सिस्टरच्या एका साध्या वाक्याने केला होता. मागच्या महिन्यात शेजारची सिंधुताई तिला पहिल्यांदा इथे घेऊन आली, तेव्हा गीता सिस्टरने, मूल राहू नये म्हणून आत बसवायच्या लूपबद्दल सगळे नीट समजावले होते, आणि शेवटी म्हणाली होती, "पाळी संपत आली की या. अगदी संपायची वाट पाहू नका. म्हणजे पोटात काही नाही याची खात्री असते, आणि त्रासही कमी होतो." रंभाने शहाण्यासारखी मान हलवली. परत कामगारांच्या कॅम्पात, घरी येताना, रस्त्याच्या मधोमध, तिच्या डोक्यात उजेड पडला आणि ती थांबलीच. त्या दिवसांत? सासूच्या, राधाबाईच्या घरात? त्या दिवसांत तिची जागा मागच्या पडवीतली; तरटावर निजायचे, पाणी वरून ओतलेले प्यायचे, चौथ्या दिवशी न्हायल्यावर मग चुलीपाशी. जिने पडवी ओलांडायची नाही तिने सेक्टर सहा गाठायचे! गोंदियाकडचे गाव सुटले, शेती सुटली, क्वार्टरमध्ये बटन दाबले की दिवा लागू लागला, पण सासूने पडवी तेवढी बरोबर आणली होती.

मग एकच वाट होती. सांगायचेच नाही.

परवा सकाळी पाळी आल्याचे कळले तेव्हा ती काही बोलली नाही. चूल पेटवली, पाणी भरले, देवापुढे मात्र गेली नाही — थोरल्या पोरीला पुढे करून तिच्या हातून दिवा लावला, तेवढी लाज ठेवली. आणि काल... काल राधाबाईने कोहळा किसला, डाळ वाटली आणि हाक मारली, "ये वं रंभे, वड्या घाल. माया हात थरथरून राह्यला." सगळे चालेल, पण वड्या! बाहेरच्या बाईची सावली पडली तरी वड्या लाल होतात, कडू होतात, हे आईने सांगितले, आजीने सांगितले, सासूने तर सतरा वेळा सांगितले. ती गेली. खाटेवरच्या जुन्या धोतरावर एकेक वडी तिने स्वतःच्या बोटांनी घातली, आणि प्रत्येक वडी घालताना वाटत होते, ही उद्या ओरडून सांगेल.

पण मी काय करणार होते? कुणाला विचारणार होते? धाकटीच्या बाळंतपणात अंगावरून इतके गेले होते की खाटेखाली बादली ठेवावी लागली. हातपाय गार पडले, बायांचे आवाज लांब लांब जायला लागले, आणि तिला वाटले होते, हेच ते, संपले... दवाखान्यातल्या डॉक्टरने नवऱ्याला, हिरालालला, बाजूला घेऊन सांगितले की पुढच्या खेपेला वाचणार नाही. त्याने ते घरी येऊन आईला सांगितले. राधाबाई शांतपणे म्हणाली, "डाक्टर लोक असंच भेव दाखवतेत. माये नऊ झाले. तीन पोरी अन् एकच पोरगा, त्याले भाऊ नाही पायजे का?" आईपुढे हिरालालची जीभ कधी वळली नाही. रोलिंग मिलमध्ये लालभडक लोखंडापुढे उभा राहणारा माणूस, पण आईपुढे मांजर. मात्र दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर निघताना, सायकलची चेन पुसता पुसता, वर न पाहता म्हणाला, "मायले मी काही म्हनू शकत नाही. तू सिंधुताईले घेऊन जाऊन ये. मी हाये." मी हाये. एवढेच. तिला ते पुरले होते. बायकोला मरू द्यायचे नाही असे त्याला वाटत होते, ते त्याने सायकलला सांगितल्यासारखे सांगितले, पण सांगितले तर खरे.

ऊन कडुनिंबावरून सरकून तिच्या पायावर आले. आतून केवलरामचा आवाज येत होता, आकडे पुकारीत होता, पण ती इतकी लांब बसली होती की एकही धड कळत नव्हता. आकडा वाचता येत होता थोडाच! बाया आत जात, बाहेर येत, कंबर धरून हळू चालत, एकमेकींकडे बघून हसत. मग आवार रिकामे झाले. केवलरामने बाकडे भिंतीला लावले. आपला नंबर कधीच येऊन गेला असणार. आज गेला म्हणजे हा महिना गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा लपवायचे, पुन्हा बाजाराचा बहाणा करून बाहेर पडायचे... आणि त्याच्या आत काही झाले तर? ती खाटेखालची बादली तिला डोळ्यांपुढे स्वच्छ दिसली. उठून आत जाऊन 'मी राहिली' म्हणायला काय लागते? दहा पावले. पाय उचलला नाही.

"अहो, रंभाबाई ना तुम्ही? आणि अशा इथे काय बसलात?"

गीता सिस्टर डबा धुवायला नळावर आली होती. ती जवळ येऊ लागली तशी रंभा मागे सरकली, पाठ झाडाला लागली.

"शिवू नका, बाई. मी बाहेरची हावो."

सिस्टर थांबली. क्षणभर तिला काही कळले नाही, आणि मग सगळे एकदम कळले — तिच्या तोंडावर ते दिसले. ती हसली नाही, चिडलीही नाही. खाली उकिडवी बसली, रंभाच्या पदरातला बिल्ला उचलला आणि दुसऱ्या हाताने तिचे मनगट धरले.

"माझी आई रायपूरला अजून पाळते. मी घरी गेले की मीही पाळते, नाहीतर ती जेवत नाही," ती म्हणाली. "पण इथे नाही हं. आम्हीच तर बोलावलं ना तुम्हाला या दिवसांत? चला. डॉक्टरबाई आहेत अजून."

नळाच्या पाण्याने गार झालेला तो हात. न्हाण आल्यापासून या दिवसांत तिला कुणी हात लावला नव्हता. बाळंतपणातल्या हातांचा हिशेब वेगळा. पोरेही लांब उभी राहून 'माय, भूक लागली' म्हणत. रंभा त्या हाताकडे बघत राहिली आणि मग बघताच येईना, कारण डोळे भरून आले, आणि ती वेड्यासारखी म्हणाली, "तुमाले आता न्हावं लागन, बाई."

"न्हाईन की. रोजच न्हाते," सिस्टर म्हणाली.

आतली खोली चुन्याच्या आणि डेटॉलच्या वासाची. वजन झाले, दंडाला पट्टा बांधून झाला. सिस्टरने तळहातावर ती वस्तू ठेवून दाखवली. पांढरी, वळ्यावळ्यांची, खाली दोरा, एवढीशी. हिच्यासाठी दोन दिवस चोरासारखी वागले मी! "चिमटा बसल्यासारखं होईल," सिस्टर सांगत होती. "कंबर दुखेल, थोडे दिवस जरा जास्त जाईल. पण फार गेलं, ताप आला, तर घरी सोसत बसायचं नाही, लगेच यायचं. महिन्याने दाखवायला या. आणि कधी नको वाटलं तर सांगा, काढून देऊ." डॉक्टरबाई हात धुऊन आल्या, "डरना नहीं" म्हणाल्या. मग सिस्टरने विचारले, "सुरू करू?"

रंभा तिच्याकडे बघतच राहिली. लग्न ठरले तेव्हा विचारले नव्हते. भिलाईला यायचे ठरले तेव्हा विचारले नव्हते. पोरे... त्यांचे तर सोडाच. आणि ही पांढऱ्या साडीतली बाई हातात चिमटा धरून चक्क थांबली होती, तिच्या 'हो'साठी.

"करा," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही.

दुखले. सांगितले होते तेवढेच दुखले, आणि याचेही तिला केवढे नवल वाटले, की आधी सांगावे आणि तसेच व्हावे. निघताना सिस्टरने परत दिलेला बिल्ला तिने स्वतःच्या बोटांनी केवलरामच्या हातात ठेवला. त्याने तो खिळ्याला अडकवला आणि जांभई दिली.

कॅम्पाकडे ती सावकाश चालत आली. कमरेत कळ होती, धुराड्यांचा धूर आभाळात आडवा पडला होता, आणि तिला सारखे काहीतरी म्हणावेसे वाटत होते — सिस्टरला, सिंधुताईला, सायकल पुसणाऱ्या त्या मुक्या माणसाला. बरं झालं गं बाई. बरं झालं. पण क्वार्टरचे दार दिसले तशी तिला वड्या आठवल्या, आणि सगळ्यावर पाणी पडले.

राधाबाई अंगणात खाटेपाशी वाकून उभी होती. रंभा फाटकाशीच थबकली. आता उलगडणार...

"इकडे ये वं," सासूने न वळता म्हटले.

ती गेली. धोतरावर वड्या वाळत होत्या. पांढऱ्याफेक. एकीलाही लालीचा ठिपका नाही. राधाबाईने एक उचलून मोडली, तुकडा जिभेवर ठेवला, आणि मग रंभाचा उजवा हात आपल्या थरथरत्या हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला, बाजारातले वांगे पाहावे तसा.

"अशा वड्या माया घरी कधी झाल्या नोत्या. तुया हाताले गुन हाये, पोरी."

दुसऱ्यांदा कुणीतरी आज हा हात धरला होता. पोटात हसू आले, त्याच्या मागून रडू आले, आणि त्याच्याही मागून सांगून टाकावे असे, इतके ओठांशी... आत्याबाई, हा हात... पण म्हातारी दुसरी वडी खात होती, डोळे मिटून, दात नसलेल्या तोंडाने, इतक्या सुखाने, की रंभाने तोंड मिटले. आज नाही. कधीतरी? माहीत नाही. तिला एवढेच कळत होते की नऊ बाळंतपणांत या म्हातारीला कुणी 'सुरू करू?' म्हणून विचारले नव्हते, आणि पहिल्यांदाच तिच्याबद्दल मनात भीती नव्हती.

तिने हात सोडवून घेतला नाही.